कुठं न्यायचं, हे शहरानं आधी ठरवायला हवं

तीन हात नाक्यापासून गायमुखापर्यंत दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत गेलं, तर ठाण्यात रुग्णालयांची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. ‘मल्टिस्पेशालिटी’, ‘सुपरस्पेशालिटी’, ‘२४ तास आयसीयू’. वाशी-नेरूळ-बेलापूर पट्ट्यात तर याहून चकचकीत पाट्या आहेत. पण रात्री अडीच वाजता घरातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर यांपैकी नेमक्या कुठल्या दारात गाडी उभी करायची हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर दहा मिनिटांत सात वेगवेगळी नावं येतात आणि प्रत्येकाखाली ‘बेस्ट आहे’ असा शेरा असतो.

माझं म्हणणं असं, की पक्षाघात झालेल्या माणसाला कुठं न्यायचं हा निर्णय घरच्यांवर त्या क्षणी पडताच कामा नये. तो शहरानं आधीच, दिवसाउजेडी, डोकं शांत ठेवून घ्यायचा आणि सगळ्यांना सांगून ठेवायचा असतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या हातात त्यासाठी लागणारे अधिकार आहेत. ते वापरले जात नाहीत तोवर त्याची सगळ्यांत जास्त किंमत म्हातारी माणसं मोजत राहणार.

आधी वैद्यकीय बाजू. दहापैकी साधारण आठ पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यानं होतात, उरलेले वाहिनी फुटून. मोठी वाहिनी बंद झाली, तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात असा २००६ सालचा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येतं. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीनं त्याची उपयुक्तता तीन तासांपर्यंत दाखवली, २००८ साली युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचारपर्यंत वाढवली. गुठळी मोठ्या वाहिनीत असेल तर जांघेतून नळी घालून ती ओढून काढतात. या उपचारावर २०१५ साली एकापाठोपाठ पाच चाचण्यांनी शिक्कामोर्तब केलं, आणि २०१८ नंतर निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येऊ लागला. मात्र गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून बघून कुठल्याही डॉक्टरला ठरवता येत नाही. त्याला सीटी स्कॅनच लागतो. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देणं घातक ठरू शकतं; रक्तस्राव असेल तर ती आगीत तेल ओतते.

साडेचार तास ऐकून लोकांना वाटतं, बराच वेळ आहे, जेवण उरकून निघू. तो शेवटच्या लोकलचा वेळ आहे असं समजा; ती चुकली तर चुकलीच, पण तिच्या आधीच्या गाड्यांत जागा जास्त असते. २०१४ साली नऊ चाचण्यांतल्या पावणेसात हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या शंभर जणांत, न मिळालेल्यांपेक्षा साधारण दहा जण जास्त ठणठणीत झाले. तीन ते साडेचार तासांत मिळालेल्यांत हा आकडा पाचावर आला.

आता वयाचं. सुरुवातीच्या चाचण्यांनी ८० वर्षांवरच्या लोकांना बहुतेक वगळलंच होतं. युरोपात तर या औषधाच्या परवान्यातच कित्येक वर्षं ८० ची मर्यादा होती. पुरावा नाही म्हणून द्यायचं नाही, आणि देत नाही म्हणून पुरावा तयार होत नाही, असा तो घोळ होता. २०१२ साली तिसऱ्या आंतरराष्ट्रीय स्ट्रोक चाचणीचे निष्कर्ष आले. तीन हजारांवर रुग्ण, त्यांत निम्म्याहून जास्त ८० च्या पुढचे. म्हाताऱ्यांना फायदा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. २०१४ च्या एकत्रित तपासणीतही वयानं फायदा पुसला गेला नाही, आणि गुठळी ओढून काढण्याच्या उपचारातही तो ऐंशीपुढच्यांत टिकून राहिला. ऐंशीचा माणूस साठीच्या माणसाइतका बरा होत नाही, हे खरंच आहे. पण तो उपचाराविना जसा राहील त्यापेक्षा उपचारानं बराच बरा राहतो, आणि तुलना या दोघांची करायची असते.

तरीही ‘आता वय झालं त्यांचं’ हे वाक्य या शहरात अजून फार सहज उच्चारलं जातं. नातेवाईक बोलतात, शेजारी बोलतात, आणि कॅज्युअल्टीतला रात्रपाळीचा तरुण डॉक्टरही सूचकपणे बोलतो. त्यामागे दुष्टावा नसतो. पण पंचावन्नच्या माणसाला छातीत कळ आली तर सगळी इमारत धावते आणि ब्याऐंशीच्या आजींचं बोलणं अडखळलं तर ‘झोपू दे, सकाळी बघू’ होतं, हा फरक कुठून येतो ते स्वतःला विचारायला हवं. पंचावन्ननंतर दर दहा वर्षांनी पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट होत जातो. ज्या वयात तो सर्वांत जास्त होतो, त्याच वयाकडे आपण सर्वांत सावकाशीनं बघतो.

वेळ जातो कुठं, ते बघू. समजा, वाघबीळच्या एका टॉवरमध्ये आजोबांचा चहाचा कप हातातून पडला. पहिली दहा मिनिटं ‘अशक्तपणा असेल, साखर कमी झाली असेल’ यात जातात. साखर तपासणं योग्यच, कारण साखर फार खाली गेली की पक्षाघातासारखीच लक्षणं दिसतात. पण ते दोन मिनिटांचं काम आहे. मग बेंगळुरूच्या मुलाला फोन. मग फॅमिली डॉक्टरांना फोन, ते उचलत नाहीत. कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतं, जी हृदयासाठी असते आणि इथं रक्तदाब पाडून मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तोडू शकते. कुणी पाणी पाजतं. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, ते पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, याची कुणाला कल्पना नसते. (कबुतराचं रक्त चोळणाऱ्यांना आपण हसतो. आपली सॉर्बिट्रेट पाकिटात येते एवढाच फरक.) मग खाली न्यायचं. टॉवरला लिफ्ट तरी आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि वाशीच्या सिडकोच्या तळमजला अधिक तीन-चार मजली इमारतींत चौघे मिळून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवतात.

एवढं करून गाडी जिथं जाते ते असतं ‘सगळ्यात जवळचं’ नर्सिंग होम. तिथं सीटी मशीन नाही, किंवा आहे पण रात्री तंत्रज्ञ नाही. सलाइन लागतं, सिटिकोलिनचं इंजेक्शन दिलं जातं, ‘न्यूरोचे सर सकाळी राउंडला येतील’ असं सांगतात. घरच्यांना वाटतं, उपचार सुरू झाले. सिटिकोलिनचा तीव्र पक्षाघातात उपयोग होत नाही हे २०१२ च्या मोठ्या चाचणीत दिसून आलेलं आहे, पण सलाइनच्या बाटलीत थेंब पडताना दिसले की आपल्या मनाला धीर येतो. सकाळी दहाला सर येतात, सीटी करायला सांगतात आणि ‘लवकर आणलं असतं तर’ म्हणतात. आणलं लवकरच होतं. चुकीच्या ठिकाणी आणलं होतं.

छोट्या नर्सिंग होमच्या मालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नाही. बाळंतपणं, अपेंडिक्स, डेंग्यूचे ताप यांचा मोठा भार ठाण्यात त्यांनीच वाहिला आहे. मात्र रुग्ण कुठून कुठं पाठवला जातो यात पैशांचा संबंध असतो, हे या व्यवसायातले लोकही नाकारत नाहीत. ‘कट प्रॅक्टिस’ रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य सरकारनं २०१७ साली तयार केला होता. त्याचा कायदा काही झाला नाही. खासगी ॲम्ब्युलन्सचा चालक तुम्हाला आग्रहानं एकाच रुग्णालयाचं नाव सांगू लागला, तर त्यामागे काय आहे हे त्या वेळी तपासत बसता येत नाही. शहरानं आधी ठरवून ठेवावं म्हणतो ते यासाठीही.

शहरानं ठरवायचं म्हणजे काय, याचं उदाहरण लंडननं घालून दिलं. तिथं तिसाहून अधिक रुग्णालयं पक्षाघाताचे रुग्ण घेत असत, प्रत्येकाची पद्धत वेगळी. २०१० साली त्यांतली फक्त आठ निवडली आणि चोवीस तास सज्ज ठेवली. ॲम्ब्युलन्सनं वाटेतली जवळची रुग्णालयं ओलांडून या आठांपैकीच एका ठिकाणी जायचं, असा नियम केला. तेव्हा ओरड झाली, आमच्या भागातलं रुग्णालय का वगळलं म्हणून मोर्चेबांधणीही झाली. पण पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचं प्रमाण आणि रुग्णालयातला मुक्काम, दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. हेलसिंकीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या रुग्णालयात १९९८ साली रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन टोचेपर्यंत १०५ मिनिटं लागत. २०११ साली ती २० वर आली. त्यासाठी नवं यंत्र किंवा नवं औषध लागलं नाही. ॲम्ब्युलन्सनं वाटेतूनच फोन करायचा, रुग्णाची माहिती आधी मागवून ठेवायची, त्याला कॅज्युअल्टीच्या पलंगावर न उतरवता ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीच्या खोलीत न्यायचं आणि इंजेक्शन तिथंच द्यायचं. तेरा वर्षं एकेक मिनिट शोधून काढून टाकलं, बस.

‘ते फिनलंड आहे हो,’ असं कुणी म्हणेल. बरं, हिमाचल प्रदेश घ्या. डोंगराळ राज्य, न्यूरॉलॉजिस्ट मोजके, रस्ते आपल्या घोडबंदरलाही लाजवतील असे. तिथल्या सरकारनं दहाएक वर्षांपूर्वी सीटी मशीन असलेली जिल्हा रुग्णालयं निवडली, तिथल्या फिजिशियनना शिकवलं, मोठ्या शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर जोडून दिलं आणि गुठळी विरघळवणारं औषध सरकारी खर्चानं मोफत उपलब्ध करून दिलं. चंब्याच्या बाजूला जे जमवता येतं ते कळव्याला का जमू नये? २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांवर आणि नवी मुंबईत ११ लाखांवर लोक होते. आज त्याहून कितीतरी जास्त असतील. युरोपातल्या कित्येक राजधान्यांची लोकसंख्या एवढी नसते.

अधिकाराचा प्रश्न कुणी काढेल म्हणून कायद्याकडे वळतो. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालात मथुरापूर स्टेशनवर हकीम शेख नावाचा शेतमजूर लोकलमधून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर मार बसला. कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. कुठं सोय नव्हती, कुठं खाट नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा घटनेच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. भरपाईचा आकडा लोक विसरले तरी चालेल. न्यायालयानं पुढे जे सुचवलं ते विसरू नये: ज्या उपचाराची गरज आहे त्यासाठी खाट कुठल्या रुग्णालयात रिकामी आहे हे सांगणारी एक केंद्रीय संपर्क यंत्रणा हवी, म्हणजे रुग्णाला थेट तिथंच पाठवता येईल. मी आज मागतोय ते यापेक्षा वेगळं काही नाही, आणि या निकालाला तीन दशकं होत आली.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम्स कायद्याखाली होते आणि शहरात ती महापालिकाच करते. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज पालिकेच्या आरोग्य खात्याच्या टेबलावर येतो. त्या अर्जासोबत चार गोष्टी मागवणं अवघड नाही: सीटी रात्री चालू असतो का, गुठळीचं औषध साठ्यात असतं का, ते देणारा डॉक्टर रात्री जागेवर असतो का, आणि गुठळी ओढून काढायची सोय इथं आहे की बाहेर पाठवावं लागतं. या चार उत्तरांवरून यादी तयार होते. ती दर महिन्याला तपासून जाहीर करायची. मराठीत, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टशेजारी लागेल अशी. ज्या रुग्णालयाला यादीत यायचं असेल त्यानं रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शनपर्यंत लागलेल्या वेळेचा हिशेब दर तिमाहीला पालिकेला द्यावा आणि पालिकेनं तो लोकांपुढे ठेवावा. जाहिरातीत गुळगुळीत चेहरे छापण्यापेक्षा हा एक आकडा छापायला रुग्णालयांना जास्त कष्ट पडतील, आणि पडायलाच हवेत.

दुसरा धागा १०८ चा. २०१४ साली ही सेवा राज्यात ९३७ ॲम्ब्युलन्सनिशी सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू आहे. पुष्कळ देशांत ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर नसतो. हा डॉक्टर चेहरा, हात आणि बोलणं तपासून दोन मिनिटांत संशय पक्का करू शकतो आणि पुढे फोन करू शकतो. पण त्यानं जायचं कुठं? यादी नसेल तर तोही जवळचं दारच गाठणार. शिवाय ठाण्यातला मध्यमवर्ग १०८ ला फोन करायलाच तयार नसतो. गाडी दारात आहे, मुलगा चालवतो, कशाला थांबायचं, असा विचार असतो. वाटेतून रुग्णालयाला पूर्वसूचना मिळण्याचा मोठा फायदा तिथंच हातचा जातो. यादीत प्रत्येक रुग्णालयाचा थेट कॅज्युअल्टीत वाजणारा क्रमांक दिला, तर स्वतःच्या गाडीतून निघालेल्यांनाही तो फोन करता येईल.

घोडबंदर रोडचा विषय काढल्याशिवाय ठाण्याचा कुठलाही लेख पूर्ण होत नाही, तर तोही काढतो. मेट्रोचे खांब, अवजड वाहनं, गायमुखचा घाट. कासारवडवलीहून माजिवड्याला यायला किती वेळ लागेल हे सांगायचं धाडस कुणी करत नाही. अवयव प्रत्यारोपणासाठी पोलीस ग्रीन कॉरिडॉर करतात, तसा पक्षाघाताच्या रुग्णासाठी का नाही, असा प्रश्न ज्येष्ठांच्या बैठकांत हमखास येतो. भावना रास्त आहे, पण ते रोज, दिवसातून अनेकदा जमणारं काम नाही. याचं उत्तर रस्ता मोकळा करण्यापेक्षा यादी भूगोल बघून करण्यात आहे. घोडबंदरच्या पट्ट्यात एक तरी सज्ज ठिकाण असायला हवं, म्हणजे पाटलीपाड्याच्या माणसाला कापूरबावडीचा जंक्शन ओलांडावा लागणार नाही. कळवा-मुंब्रा-दिवा या भागाला खाडीच्या पलीकडे एक हवं. नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीला एक, दक्षिणेला नेरूळ-बेलापूरच्या बाजूला एक. आणि ऐरोलीच्या माणसाला ठाण्याचं किंवा मुलुंडचं रुग्णालय जवळ पडत असेल, तर महापालिकेची हद्द आडवी येता कामा नये. ही यादी दोन पालिकांनी मिळून करायची ती म्हणूनच.

सार्वजनिक रुग्णालयांना यादीबाहेर ठेवून मात्र हे होणार नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय फक्त ठाण्याचं नाही. शहापूर, मुरबाड, जव्हार, वाड्याकडचे रुग्ण शेवटी तिथंच येतात. वाशीच्या महापालिका रुग्णालयात एपीएमसीतल्या माथाडी कामगारांपासून दिघ्याच्या वस्तीपर्यंतची माणसं येतात. या दोन ठिकाणी सीटी, औषध आणि निर्णय घेणारा माणूस रात्रंदिवस असणं हा यादीचा पाया. टेनेक्टेप्लेज नावाचं नवं औषध पुण्यातली कंपनीच बनवते, आणि जुन्या औषधासारखं ते तासभर सलाइनमधून सोडावं लागत नाही, एका दमात टोचता येतं. कळव्यात इंजेक्शन देऊन, गुठळी ओढण्याची सोय असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात त्याच ॲम्ब्युलन्सनं पाठवायचं, हे त्यामुळं सुटसुटीत झालं आहे.

पैशांबद्दल बोलावंच लागेल. केंद्र सरकारनं सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांची योजना २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. योगायोग असा, की २९ ऑक्टोबर हाच जागतिक स्ट्रोक दिन. ठाण्यातल्या अनेक ज्येष्ठांकडे ते कार्ड आलंय. पण कार्ड चालतं फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयात, आणि ज्या दारात आपण रात्री उभे असतो ते त्यात आहे का, हे तेव्हा कळतं. अनामत भरा, मग सीटी, हा क्रम अजूनही सर्रास दिसतो. यादीत येण्याची पहिली अट म्हणून ‘आधी सीटी आणि इंजेक्शन, मग कागद’ हे लेखी घ्यायला हवं. औषधाचे पैसे बुडतील ही रुग्णालयाची भीती खोटी नाही, ते महाग आहे. अशा बुडित रकमेसाठी पालिकेनं निधी ठेवावा. पक्षाघातानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसामागे घरातली एक कमावती व्यक्ती, बहुतेक वेळा सूनच, नोकरी सोडते. तिच्या बुडालेल्या पगाराचा हिशेब कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

डॉक्टरांची एक भीती मला समजते. या इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शंभरातल्या दोन-तीन जणांचा पहिल्या आठवड्यातच त्यानं मृत्यू होतो, न दिलेल्यांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. ती दोन-तीन कुटुंबं कॅज्युअल्टीची काच फोडायला उठली, तर पुढच्या रात्री तोच डॉक्टर पुढच्या रुग्णाला इंजेक्शन देताना हात आखडता घेतो. आणि रुग्ण म्हातारा असेल तर तो आखडता हात ‘वय’ या शब्दाआड सहज लपतो. यावर उपाय म्हणजे लेखी, शहरभर एकच असलेली नियमावली. नियम पाळून दिलं आणि बिघडलं, तर नियमावली डॉक्टरच्या पाठीशी उभी राहील; नियमात बसत असून दिलं नाही, तर कारण लिहावं लागेल. ‘वय ८४’ हे कारण त्यात चालू नये. ‘रक्त पातळ करणारी गोळी आज सकाळी घेतली’ हे चालेल, ‘रक्तदाब १८५/११० च्या खाली येत नाही’ हे चालेल.

काही रुग्ण असेही असतात ज्यांच्याबाबत न देणं योग्यच असतं. वर्षभर अंथरुणावर असलेली, कुणालाही न ओळखणारी, नळीवाटे अन्न घेणारी आजी. तिच्या मुलांनी ‘नको’ म्हटलं तर मी त्यांना दोष देणार नाही. पण तिथंही निर्णय तिच्या आधीच्या प्रकृतीवर होतो आहे. रोज सकाळी उपवनला चार फेऱ्या मारणाऱ्या, स्वतः बँकेत जाणाऱ्या ८४ वर्षांच्या माणसाला तिच्या रांगेत उभं करायचं कारण नाही. आणि ‘नको’ म्हणायचं असेल तर ते सीटी बघून, डॉक्टरांशी बोलून म्हणावं. जिन्यात, अर्धवट माहितीवर, शेजाऱ्याच्या सल्ल्यानं नव्हे. रक्तस्राव निघाला तरी घाई संपत नाही. रक्तदाब पहिल्या तासातच आटोक्यात आणणं आणि साखर, ताप, रक्त पातळ झालं असल्यास ते, हे सगळं एकदम सांभाळणं फायद्याचं ठरतं असं २०२३ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

घरच्यांच्या हातात काय उरतं? फार थोडं, पण नेमकं. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ. सगळं घड्याळ तिथून मोजतात, लक्षण लक्षात आल्यापासून नाही. साधारण पाचातला एक पक्षाघात झोपेतून उठल्यावर कळतो, आणि मुलं परदेशी असलेल्या, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ती वेळ सांगणारं कुणी नसतं. ठाण्यात असे दरवाजे आता प्रत्येक मजल्यावर आहेत. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर एकमेकांना फोन करण्याची पद्धत पाडली, तर मध्ये काय घडलं त्याचा अंदाज काही तासांपुरता तरी येतो, आणि तेवढ्यानं डॉक्टरला निर्णय घ्यायला वाट मिळते. दुसरी गोष्ट औषधांची यादी. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी सुरू असते. ती कोणती आणि शेवटची कधी घेतली, याच्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ठरतं. फ्रिजवर चिकटवलेला एक कागद पुरतो.

पालिका हे सगळं कधी करील याची वाट बघत ज्येष्ठ नागरिक संघांनी बसायचं कारण नाही. ठाणे-नवी मुंबईत प्रत्येक प्रभागात असे संघ आहेत, त्यांत निवृत्त बँकवाले, शिक्षक, महसूल खात्यातले लोक आहेत. फाइल कशी हलवतात हे त्यांना पालिकेतल्या बाबूंपेक्षा जास्त कळतं. आपल्या भागातल्या प्रत्येक रुग्णालयाला लेटरहेडवर वर दिलेले चार प्रश्न विचारावेत, आणि पाचवा एक: गेल्या वर्षी ८० वर्षांवरच्या किती रुग्णांना तुम्ही हे इंजेक्शन दिलं? उत्तरं मिळतील तशी संघाच्या फलकावर लावावीत. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावंही त्याच फलकावर, शेजारच्या रकान्यात लिहावीत, आणि सगळ्याची एक प्रत नूतनीकरणाच्या अर्जांसोबत जोडण्यासाठी पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवून पोच घ्यावी.